खंडू मावळ्याचा खड्डा

आधी डोक्यावर एक हेल्मेट चढवा बघू. खरं जवळ नसेल तर मनातलं चालेल. पिवळं, जरा मोठं, सारखं भुवयांवर घसरणारं. चढवलं? आता असं समजा, की तुम्ही जपानमध्ये, ग्योतोकु नावाच्या उपनगरात, एका अरुंद रस्त्याच्या कडेला उभे आहात. ऑक्टोबर आहे. उन्हाळा एकदाचा गेलाय आणि कुणाच्या तरी कुंपणावरून बारीक नारिंगी फुलांचा गोड वास येतोय. समोर एक मोकळा प्लॉट आहे. त्याच्या कडेने हिरवी जाळी लावलीय, आणि आत जेसीबीचं पिल्लू शोभेल असं एक छोटं यंत्र जमीन खरवडतंय.

यंत्राच्या शेजारी एक बाई उभ्या आहेत. गळ्यात टॉवेल, कमरेला लहानशी थापी. त्या खोदत नाहीत, माती वाहत नाहीत, कुणाला ओरडतही नाहीत. नुसत्या बघतायत. यंत्राचा पंजा खाली गेला की त्यांची नजर खाली, वर आला की वर.

दिसल्या ना? मग आता जाळीला नाक लावून उभ्या असलेल्या त्या दोघांकडे वळा. लाल दप्तरवाली ती नुपूर, चौथीतली. तिच्या कोपराशी लुडबुडतोय तो अंबरीष, खालच्या मजल्यावरचा, दुसरीतला. अंबरीषची आई संध्याकाळी कामावरून येईपर्यंत तो नुपूरच्या घरी असायचा आणि शाळेतून दोघं बरोबर चालत घरी यायचे. म्हणजे यायला हवे होते. त्या बुधवारी मात्र ते वाटेतच अडकले.

"ताई, त्या बाईंना पनिशमेंट आहे का?" अंबरीषने विचारलं.

"कशाची?"

"मग उभ्या का आहेत नुसत्या?"

नुपूरलाही तेच कळत नव्हतं. यंत्र जरा थांबलं तेव्हा तिने जाळीतून, अगदी अदबीने, जपानीत विचारलं, "माफ करा, तुम्ही काय करताय?"

बाई हसल्या. जाळीजवळ आल्या आणि म्हणाल्या, "मी कुरिहारा. नगरपालिकेच्या वारसा खात्यातून आलेय. बघणं हेच माझं काम आहे. इथे घर होणार, म्हणजे पाया खणणार. जमीन एकदा खणली की पुन्हा भरता येते, पण होती तशी भरता येत नाही. म्हणून या जुन्या वस्तीत कुणी खणायला लागलं, की आमच्यापैकी एकाने शेजारी उभं राहायचं आणि दिसेल ते टिपून ठेवायचं."

"आणि काहीच दिसलं नाही तर?"

"तर काही दिसलं नाही, हे टिपून ठेवायचं. बहुतेक दिवशी तेच असतं."

नुपूरला हे फार आवडलं. काही नाही हेसुद्धा नीट लिहून ठेवणारं कुणी असतं, हे तिला माहीतच नव्हतं. कुरिहारा-साननी ('सान' म्हणजे आपलं 'जी') तिला खणलेल्या चराची उभी कड दाखवली. वर फुटक्या कौलांचा थर, त्याखाली तपकिरी माती, आणि तळाशी शिंपल्यांचे तुकडे असलेली करडी वाळू.

"पूर्वी समुद्र इथून जवळ होता," त्या म्हणाल्या. "इथले लोक खारं पाणी आटवून मीठ करायचे."

"सँडविच ढोकळ्यासारखं दिसतंय," नुपूर अंबरीषला मराठीत म्हणाली.

"भूक लागली," अंबरीष म्हणाला.

तेवढ्यात प्लॉटचे मालक आले. होशिनो-सान. वय झालेलं, पण पाठ ताठ, भुवया पांढऱ्या आणि झुपकेदार. त्यांचं सेंबेइचं दुकान होतं. सेंबेइ म्हणजे तांदळाच्या भाजलेल्या, कडक, खारट चकत्या. दुकान आणि त्यामागचं घर दोन्ही जुनं झालं म्हणून पाडलं होतं. आता नवीन बांधायचं, आणि नवीन वर्षाच्या आत पहिली चकती भाजायची, असं त्यांनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

"अरे, किल्लेवाले आले!" ते म्हणाले. "नुपूर-चान, तुमची दिवाळी जवळ आली ना? बांधकामवाल्यांना सांगितलंय मी. कोपऱ्यातल्या युझूच्या झाडाखालची जागा मोकळी ठेवा. तिथे या वर्षी पुन्हा किल्ला होणार आहे."

युझू म्हणजे आपल्या ईडलिंबाचा जपानी भाऊ. नुपूरचे डोळे चमकले. "खरंच?"

"खरंच. मागच्या वर्षी तुम्ही शब्द पाळलात. शब्द पाळणाऱ्याला जागा देताना मला विचार करावा लागत नाही."

हे ऐकून नुपूर हसली. पण हसू ओठांवरच राहिलं, आणि मनात काहीतरी बारीकसं टोचलं.

का टोचलं, ते सांगतो.

मागच्या वर्षी हा प्लॉट रिकामा पडलेला होता. नुपूरचे बाबा स्वानंद सॉफ्टवेअरच्या कामासाठी पुण्याहून इकडे आले तेव्हा नुपूर नुकती चालायला लागली होती. तिने किल्ला पाहिला होता तो व्हिडिओ कॉलवर, पुण्याच्या चुलतभावांचा. मागच्या दिवाळीला मात्र तिच्या आत्याने तिच्यासाठी बोहरी आळीतून मातीची चित्रं पाठवली: मावळे, तोफा, एक गवळण, गुहेतला वाघ आणि सिंहासनावरचे महाराज, सगळे पायमोज्यांत गुंडाळून. आता मावळे आले तर किल्ला हवाच. पण नुपूरच्या घराला बाल्कनी एवढी, की कपडे वाळत घातले तर माणसाने आत यावं. मग आई, म्हणजे अनघा, तिला घेऊन होशिनो-सानांकडे गेली आणि रिकामा कोपरा मागितला.

होशिनो-साननी बरेच प्रश्न विचारले. हा डोंगर पेटणार का? धूर येणार का? त्यांना वाटलं होतं, की मुलं ज्वालामुखी करतायत. शेवटी ते हो म्हणाले, पण एका अटीवर. सण झाला की सगळं आवरायचं. जमीन जशी घेतली तशी परत करायची. मागे काही म्हणजे काही ठेवायचं नाही.

आणि मुलांनी आवरलं होतं, अगदी मनापासून. दगड उचलले, माती पसरली, अळीवाची इवली रोपं काढली, झाडू मारला. राहिला फक्त खंडू.

खंडू म्हणजे बुरुजावरचा मावळा. झुपकेदार मिशा, तिरका फेटा, एका हातात ढाल. दुसऱ्या हातात भाला होता, पण एका कावळ्याने त्याला उचलून पाहिलं आणि टाकून दिलं, त्यात तो हात भाल्यासकट गेला. आई म्हणाली होती, "गुरुवारी न जळणारा कचरा असतो, त्यात दे टाकून." नुपूर पिशवी घेऊन खाली गेली. कचऱ्याच्या जाळीपाशी उभी राहिली. आत फुटका कप होता, गंजलेली कढई होती, दिवा गेलेला टॉर्च होता. इतके दिवस थंडीत पहारा दिलेल्या मावळ्याला त्या कढईवर टाकायचं? तिच्याने होईना. गणपतीच्या वेळी आजी व्हिडिओ कॉलवर सांगायची, मातीचं असतं ते मातीत जाऊ द्यावं. मग नुपूर तशीच प्लॉटवर गेली आणि किल्ला होता त्याच्या शेजारी, हात खांद्यापर्यंत आत जाईल एवढा खड्डा तिने खुरप्याने खणला. खंडूला पानात गुंडाळून तळाशी निजवलं आणि वरून माती सारखी केली. सोबत होता फक्त अंबरीष. त्याने पोवाडा म्हणायचा प्रयत्न केला होता.

खणताना तळाशी एक विटकरी रंगाचं, चांगलं मुठीएवढं ढेकूळ लागलं होतं. एका बाजूने सपाट, आणि त्या सपाटीवर बोटांनी दाबल्यासारखे खळगे. एका खळग्यात नुपूरचा अंगठा जाऊन बसायचा, पण सैल. ते तिने घरी आणलं. तेव्हापासून ते तिच्या टेबलावर होतं, ओरिगामीचे कागद उडू नयेत म्हणून. गणितं अडली, की ती त्या खळग्यात अंगठा ठेवून विचार करायची.

आता समजलं, काय टोचलं ते?

तर, होशिनो-सान बोलत होते, नुपूर ओठ मिटून उभी होती, आणि तिकडे यंत्र पुन्हा सुरू झालं. पंजाने मातीचा एक पातळ थर ओढला. कुरिहारा-सानचा हात एकदम वर गेला.

"थांबा!"

यंत्र गप्प झालं. कुरिहारा-सान चरात उतरल्या, गुडघ्यावर बसल्या, आणि थापीच्या टोकाने हळूहळू माती बाजूला करू लागल्या. मग मऊ ब्रश काढला. मग पाण्याचा फवारा. थोड्या वेळाने त्यांनी हातावर काहीतरी घेतलं आणि उजेडात धरलं.

तिरका फेटा. झुपकेदार मिशा. एक ढाल. एक हात नाही.

वर्षभर ओलीत राहून रंग सगळा गेला होता. राहिली होती नुसती भाजलेली माती.

"ताई! अगं हा तर आपला—"

नुपूरने अंबरीषच्या तोंडावर हात दाबला. बोटांच्या फटीतून "खंडू" असं काहीसं ऐकू आलं, पण ते फक्त तिलाच.

यंत्र चालवणारे दादा खाली उतरून आले. "सामुराई आहे वाटतं."

"सामुराईला असली मिशी?" होशिनो-सान म्हणाले. "आणि डोक्यावर काय आहे हे? टॉवेल?"

"मी असं काही याआधी पाहिलेलं नाही," कुरिहारा-सान सावकाश म्हणाल्या. "भोवतीची माती भुसभुशीत आहे. कुणीतरी खड्डा करून ठेवलंय हे. पण कुणी आणि कधी? दहा वर्षांपूर्वी की दोनशे? बाहेरून बोटीने आलेलं असेल का? अंदाजाने मी काही लिहिणार नाही. खात्यातल्या लोकांना दाखवावं लागेल, आणि तोवर इथलं खोदकाम थांबवावं लागेल."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही, होशिनो-सान. काही आठवडेसुद्धा लागतील."

जाळीबाहेर मराठीत कुजबुज सुरू झाली.

"सांग ना ताई!"

"गप रे."

"ते म्हणतायत दोनशे वर्षं! खंडू माझ्याहून लहान आहे!"

"सांगितलं तर त्यांना कळेल, आपण सगळं आवरलं नव्हतं. मग किल्ला गेला. कळतंय का? वाघ, तोफा, सगळं पुन्हा डब्यात."

"आणि नाही सांगितलं तर?"

नुपूरने जाळी दोन्ही हातांनी धरली. तीन वाजले होते, आणि तीन वाजता जपानमधल्या कुठल्याही बांधकामावर चहाची सुट्टी होते. यंत्राचे दादा उलट्या बादलीवर बसले. होशिनो-साननी रस्त्यापलीकडच्या भाड्याच्या खोलीतून चहाची किटली आणि सेंबेइचा पत्र्याचा डबा आणला. मुलांनाही जाळीवरून एकेक चकती दिली. नुपूरला वाटलं, की आता ते कुरकुर करतील, हात आपटतील. म्हणजे तिलाही मनातल्या मनात म्हणता आलं असतं, की बरं झालं, नाही सांगितलं.

पण होशिनो-साननी कुरिहारा-सानच्या कपात चहा ओतला आणि शांतपणे म्हणाले, "जे करायला हवं ते करा. जमिनीत कुणी काही ठेवलं असेल, तर ते बघायलाच हवं. दुकान काय, नवीन वर्षानंतरही उघडेल." मग त्यांनी गुडघ्यावरचा टॉवेल घेतला, घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घडी घातली.

ती घडी नुपूरला बघवेना. हातातली चकती तिने अंबरीषला देऊन टाकली.

"कुरिहारा-सान," ती म्हणाली. "एखाद्या वस्तूचं नाव कुणाला माहीत असेल, तर ती जुनी नसते ना?"

"कसलं नाव?"

"त्याचं नाव खंडू आहे."

बादलीवरचे दादा चहा प्यायचे थांबले. आणि मग नुपूरने सगळं सांगितलं. आत्या, पायमोजे, बुरूज, कावळा, गुरुवारचा कचरा. जपानी शब्द सापडेना तिथे तिने हातवारे केले. 'मावळा'ला शब्द सापडलाच नाही, म्हणून भाला धरून पहारा करून दाखवला. अंबरीषने पोवाड्याची एक ओळही म्हटली, ती कुणी मागितली नव्हती.

कुरिहारा-सान खळखळून हसल्या. इतक्या, की त्यांना टॉवेलने डोळे पुसावे लागले. "म्हणजे मी आज भारताच्या सैन्यातला शिपाई शोधला!"

होशिनो-सान हसले नाहीत. "म्हणजे मागच्या वर्षी सगळं आवरलं नव्हतंस," ते म्हणाले.

"नाही."

"मी विचारलं होतं, तेव्हा हो म्हणालीस."

"हो म्हणाले." नुपूरने मान खाली घातली. "चुकलं."

"हं," होशिनो-सान म्हणाले, आणि किटलीचं झाकण लावायला लागले. त्या 'हं'मध्ये हो होतं की नाही, ते नुपूरला काही केल्या कळेना.

"खड्डा कुठून कुठपर्यंत होता, दाखवशील?" कुरिहारा-साननी विचारलं. त्यांनी जाळी बाजूला केली आणि एक पिवळं हेल्मेट नुपूरच्या डोक्यावर ठेवलं. मोठं होतं, सारखं भुवयांवर घसरत होतं. तुमच्यासारखंच. अंबरीषला हेल्मेट उरलं नाही, म्हणून तो बाहेरूनच "उजवीकडे! अजून उजवीकडे!" असं सांगत राहिला.

नुपूरने बोट दाखवलं. कुरिहारा-साननी चराच्या कडेवर थापी फिरवली, मग बारीक फवारा मारला. ओल्या मातीत हळूहळू एक गडद आकार उमटला, उभा पेला कापून ठेवल्यासारखा.

"हा बघ तुझा खड्डा."

नुपूर बघतच राहिली. वर्षभरापूर्वी तिने बुजवून, थोपटून, वरून पानं पसरून लपवलेला खड्डा मातीने जसाच्या तसा सांभाळून ठेवला होता. कुरिहारा-साननी टेप लावली आणि आलेखाच्या कागदावर त्याची कड काढायला घेतली.

"हाही काढणार? हा तर नुसता माझा आहे."

"खड्डा तो खड्डा. पुढे कधीतरी माझ्यासारखं कुणी इथे उभं राहील. मी हा काढलाच नाही, तर ते डोकं धरून बसतील." त्यांनी पेन्सिल थांबवली. "आता इकडे बघ. तुझ्या खड्ड्याच्या डाव्या बाजूला, तळाशी, काय दिसतं?"

"लाल रेघ."

"आणि उजवीकडे?"

"तशीच रेघ. मधे नाही."

"मधे तुझा खड्डा आला ना. ही भाजलेली माती आहे. खाली राखही दिसतेय. मघाशी खंडूने मला इतकं गोंधळवलं, की मी हिच्याकडे पाहिलंच नाही." त्यांनी रेघेतला एक लाल कण बोटांत धरला. त्याचा लगेच भुगा झाला. "मीठ आटवायची चूल असेल, तर तिचा तळ माणसांनी हाताने थापून केलेला असणार. किंवा कुणी नुसता पाचोळा जाळला असेल. या भुग्यावरून सांगता येत नाही. एखादं मोठं ढेकूळ मिळालं असतं, तर थापल्याची खूण दिसली असती."

"मग आता काय लिहाल?"

"भाजलेली माती, कशामुळे ते माहीत नाही. उद्या सकाळी यंत्र पुढे जाईल." त्या पुन्हा कागदाकडे वळल्या. त्यांच्या आवाजात जराही राग नव्हता, आणि तेच कठीण होतं.

नुपूर उभी राहिली. हेल्मेट नाकापर्यंत आलं, तरी तिने ते वर सारलं नाही. त्या आडोशाखाली तिला नीट विचार करता येत होता. एक गोष्ट तर कबूल करून झाली. होशिनो-सानचं 'हं' अजून हवेत लटकलेलं. आता त्यांच्या जमिनीतून मी एक वस्तू उचलूनही नेली, असं सांगायचं? खंडू पुरला ते निदान चांगल्या मनाने. ढेकूळ तर तिला आवडलं म्हणून नेलं होतं. आणि ते कुठून आलं हे कुणालाच माहीत नव्हतं, तेव्हा पोवाड्यात रमलेल्या अंबरीषलासुद्धा नाही. ती गप्प राहिली तर काहीच बिघडणार नव्हतं. फक्त कागदावर 'माहीत नाही' असं लिहिलं जाणार होतं. आणि तिला माहीत होतं.

तिने हेल्मेट काढून कुरिहारा-सानच्या हातात दिलं.

"यंत्र सुरू नका करू. मी आलेच!"

आणि ती पळत सुटली.

घरी अनघा ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. दार धाडकन उघडलं. नुपूरच्या बुटांना चिखल होता आणि बूट काढायला वेळ नव्हता, म्हणून ती बूट हवेत उचलून, गुडघ्यांवर रांगत आतल्या खोलीकडे निघाली.

"सॉरी, वन मिनिट," अनघा लॅपटॉपला म्हणाली आणि माइक बंद केला. "नुपूर! हा काय अवतार आहे? अंबरीष कुठाय?"

"तो पोवाडा म्हणतोय. आई, नंतर सांगते!"

"कुठे म्हणतोय?"

पण नुपूर टेबलावरचं ढेकूळ छातीशी धरून, गुडघ्यांवरच, दाराबाहेर गेली होती. ओरिगामीचे कागद मात्र पंख्याखाली खोलीभर उडाले.

परत आली तेव्हा तिला धाप लागली होती. ती थेट कुरिहारा-सानसमोर गेली आणि दोन्ही हात पुढे केले.

"हे माझ्या खड्ड्यातलं आहे. मी नेलं होतं. न विचारता." मग तिने होशिनो-सानकडे पाहून तेच पुन्हा सांगितलं, कारण जमीन त्यांची होती.

कुरिहारा-साननी ढेकूळ घेतलं, उलटंपालटं केलं, आणि सपाट बाजू तिरप्या उजेडात धरली. "बोटं," त्या म्हणाल्या. "ही बघा, चार बोटं. आणि हा अंगठा. थापलंय कुणीतरी." त्या झटक्यात नुपूरकडे वळल्या. "कसं होतं हे? सपाट बाजू वर की खाली?"

"वर. खुरपं तिच्यावरून सरकलं होतं, म्हणून मला कळलं." नुपूर चरात उतरली, पोटावर आडवी झाली आणि ढेकूळ सपाट बाजू वर करून त्या लाल रेघेच्या मोकळ्या जागी हळूच धरलं. डावीकडची रेघ आली, ढेकळातून गेली आणि उजवीकडच्या रेघेला मिळाली.

कुरिहारा-साननी त्या सलग रेघेवरून बोट फिरवलं.

"ही चूल आहे," कुरिहारा-सान म्हणाल्या. "मिठाची. उद्याचा एक दिवस मला द्या होशिनो-सान, ही नीट मोजून, काढून घेते. परवा तुमचं काम सुरू."

होशिनो-सान वाकले. बऱ्याच कष्टाने चराच्या काठावर बसले आणि हात पुढे केला. कुरिहारा-साननी ढेकूळ त्यांच्याकडे दिलं. नुपूरचा अंगठा ज्या खळग्यात सैल बसायचा, तिथे त्यांनी आपला अंगठा ठेवला. अगदी घट्ट बसला.

"आमच्या घरात म्हणायचे," ते कुणाकडेच न बघता म्हणाले, "आधी मीठ होतं, सेंबेइ नंतर आलं. मला वाटायचं, म्हातारे उगाच बढाई मारतात." त्यांनी ढेकूळ कुरिहारा-सानकडे परत दिलं. मग झुपकेदार भुवया नुपूरकडे वळल्या. "अजून काही आहे का माझं तुझ्या घरी? दार? खिडकी?"

"नाही."

"नक्की?"

"माझ्याकडे एक युझू आहे," अंबरीष जाळीबाहेरून म्हणाला. "मागच्या वर्षीचं. वाळलंय. आणून देऊ?"

आता मात्र होशिनो-सान हसले. हसताना त्यांच्या भुवयाही हलायच्या. "ते तुलाच ठेव. आणि किल्ल्याचं म्हणाल, तर झाडाखालचा कोपरा तुमचाच. अट तीच. पण या वेळी तुम्ही आवरून झालं म्हणालात, की मी स्वतः फावडं घेऊन येणार, खणून बघायला."

कुरिहारा-साननी खड्ड्याचा फोटो घेतला. अशा फोटोत शेजारी एक छोटा काळा फळा धरतात, जागा आणि तारीख लिहिलेला. तो फळा नुपूरने धरला. मग त्यांनी खंडूला रुमालात गुंडाळून तिच्या हातावर ठेवलं. "याच्यावर आमच्या खात्याचा हक्क नाही. घेऊन जा."

"पण त्याला एकच हात आहे," अंबरीष म्हणाला. "पहारा कसा देणार?"

"वर्षभर माझ्या चुलीवर पहारा दिला त्याने," होशिनो-सान म्हणाले. "एका हाताने. माझी काही तक्रार नाही."

नुपूर जायला वळली आणि थबकली. प्लॉटपासून थेट तिच्या इमारतीपर्यंत, स्वच्छ राखाडी रस्त्यावर, चिखलाच्या बुटांचे ठसे उमटले होते. एक रांग जाताना, एक येताना. शेजारच्या काकूंच्या दारासमोर तर तिने वळण घेताना चांगला लपका सोडला होता. होशिनो-सानचा झाडू जाळीला टेकवून ठेवलेला होता.

नुपूरने खंडूला शर्टाच्या खिशात उभं केलं, फेटा बाहेर राहील असं. दप्तर अंबरीषच्या गळ्यात अडकवलं. झाडू उचलला आणि प्लॉटच्या दारापासून झाडायला सुरुवात केली. आधी आपला चिखल, मग यंत्राच्या पट्ट्यांनी सांडलेला, आणि मग, हात लागलाच आहे तर, काकूंच्या दारासमोरची पानंसुद्धा.